बेलनं टेलिफोन चोरला का, आणि चोरला तर नेमकं काय चोरलं?

राजारामपुरीतल्या एका शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या मॅडमनी प्रश्न पाठवलाय. प्रदर्शनासाठी सातवीच्या मुलांनी काडेपेट्या आणि दोऱ्याचा फोन केला आणि तक्त्यावर 'टेलिफोनचा शोध : अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल, १८७६' असं लिहिलं. त्यावर एक मुलगा उठून म्हणाला, "मॅडम, बेलनं तो चोरला होता, मी व्हिडिओत बघितलंय." मॅडम विचारतात, तक्त्यावर नाव कुणाचं ठेवू, आणि काडेपेटीच्या पुढं मुलांना दाखवण्यासारखं काही आहे का?

मॅडम, मी इतिहासाचा माणूस नव्हे. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात टेक्निशियन होतो. सुरुवात एका तालुक्याच्या गावी हँडल फिरवायच्या फोनवर झाली, मधली वर्षं कोल्हापुरात गेली आणि शेवट कॉम्प्युटरच्या पडद्यासमोर झाला. त्यामुळं उत्तर लांबेल, आणि बेलपेक्षा तारांवरच जास्त रेंगाळेल.

नाव बेलचंच राहू द्या. पण त्या पोराला गप्प बसवू नका, त्याचं थोडंफार खरं आहे.

आधी काडेपेटी घेऊ. दोरा ताणला की बोलण्याची थरथर दोऱ्यातून पलीकडच्या पेटीच्या तळाला जाते. दोरा ढिला पडला, कुठं कोपऱ्यावर घासला, कुणी मध्ये बोट लावलं, की संपलं. लांब जायचं तर थरथर विजेवर चढवायला हवी. तारेतून वीज पाठवायची विद्या तेव्हा होतीच, मोर्सची तार १८४४ पासून सुरू होती. पण तारयंत्राची वीज एक तर चालू, नाही तर बंद. कट्ट, कडकट्ट. त्या काळातल्या बहुतेक कारागिरांचं डोकं त्याच खटक्यात अडकलेलं. जर्मनीत फिलिप राइस नावाच्या शिक्षकानं १८६१ साली यंत्र केलं, त्याला 'टेलिफोन' हे नावही त्यानंच दिलं. पडदा थरथरला की एक संपर्क जुळायचा आणि तुटायचा. गाण्याचा सूर पलीकडं कळायचा, शब्द मात्र धड कळायचे नाहीत. राइसनं चाचणीसाठी वापरलेलं वाक्य सांगतात ते असं: "घोडा काकडीची कोशिंबीर खात नाही."

हसू नका, त्या वाक्यात मोठं शहाणपण आहे. लाइन तपासताना आम्ही "हॅलो, एक दोन तीन" म्हणायचो. पलीकडचा अर्धं ऐकून उरलेलं मनानंच भरायचा आणि "ओके" म्हणून मोकळा व्हायचा. दुसऱ्या दिवशी तक्रार परत हजर. म्हणून नव्या पोरांना मी सांगायचो, आकडे म्हणू नका, काहीतरी अचाट बोला. "म्हैस पन्हाळ्यावर सायकल चालवते." पलीकडच्यानं तेच परत म्हणून दाखवलं तर लाइन पास.

आता बेल. त्याचं घराणं उच्चार शिकवणाऱ्यांचं. वडिलांनी ओठ, जीभ, घसा यांच्या हालचाली कागदावर मांडणारी चिन्हांची लिपीच केली होती. आईला ऐकू येत नव्हतं, पुढं बायको झाली त्या मेबललाही नव्हतं, आणि बोस्टनमध्ये तो मूकबधिर मुलांना शिकवायचा. आवाज म्हणजे काय, हे त्याला तारवाल्यांपेक्षा जास्त कळत होतं. काम मात्र तो तारेवरच करत होता. एकाच तारेतून वेगवेगळ्या सुरांत थरथरणाऱ्या पोलादी पट्ट्या वापरून अनेक संदेश एकदम पाठवायचे, म्हणजे पैसा. २ जून १८७५ ला एका खोलीत त्याचा मदतनीस थॉमस वॉटसन होता, दुसऱ्या खोलीत बेल. वॉटसनकडची एक पट्टी अडकली, त्यानं ती बोटानं छेडली. बेलच्या कानाला नुसता खटका ऐकू आला नाही, छेडलेल्या पट्टीचा झणत्कार ऐकू आला, त्याच्या सगळ्या बारकाव्यांसकट.

बेलचा शोध काय, असं मला कुणी विचारलं तर मी याच क्षणाकडं बोट दाखवीन. वीज तोडायची नाही. हवेत आवाजाचा दाब जसा चढतो-उतरतो, तस्साच तारेतला प्रवाह चढत-उतरत राहिला पाहिजे. एवढंच. ७ मार्च १८७६ ला त्याला जे पेटंट मिळालं, क्रमांक १,७४,४६५, त्याच्या शीर्षकात टेलिफोन हा शब्दच नाही. शीर्षक आहे 'तारयंत्रातील सुधारणा'. शब्द आणि इतर आवाज तारेतून पाठवण्याचा दावा पोटात आहे.

मग चोरीची भानगड कुठली? पेटंटचा अर्ज गेला १४ फेब्रुवारी १८७६ ला. त्याच दिवशी, त्याच कचेरीत, एलिशा ग्रे या दुसऱ्या संशोधकाचा कागदही गेला. ग्रेचा कागद पूर्ण अर्ज नव्हता. 'मी असं काहीतरी करतोय, माझी जागा धरून ठेवा' अशा धर्तीची ती सूचना होती. तिच्यात एक युक्ती होती: पडद्याला काडी लावायची, तिचं टोक द्रवात बुडवायचं, पडदा थरथरला की टोक कमी-जास्त बुडतं आणि प्रवाह कमी-जास्त होतो. बेलच्या अर्जाच्या एका मसुद्यात असा बदलता अवरोध, म्हणजे विजेला कमी-जास्त होणारी अडवणूक, सांगणारा मजकूर समासात लिहिलेला आहे. आणि १० मार्चला "मिस्टर वॉटसन, इकडे या, मला तुम्हाला भेटायचंय" हे पहिलं वाक्य तारेतून गेलं, ते अशाच आम्लमिश्रित पाण्याच्या यंत्रातून गेलं. शंका यायला जागा आहे की नाही? वर १८८६ साली पेटंट कचेरीतल्या त्या तपासनिसानं शपथेवर सांगितलं की, मी ग्रेचा कागद बेलला दाखवला. पण त्याच बाबानं आधी शपथेवर याच्या उलट सांगितलं होतं. बेलनं आरोप नाकारला. आमच्याकडच्या बांधाच्या भांडणातही साक्षीदार असा फिरला की वकील डोक्याला हात लावतात.

खटले शेकड्यांनी झाले. १८८८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं चार विरुद्ध तीन अशा मतांनी बेलचं पेटंट कायम ठेवलं. माझं मत विचाराल तर, पाण्याची युक्ती बेलनं कुठून उचलली याबद्दल मी त्याच्या बाजूनं शपथ घेणार नाही. पण त्या पाण्याच्या यंत्रावर धंद्यातला एकही फोन चालला नाही. बाजारात आलेला बेलचा फोन चुंबकाचा होता, आणि तो त्या छेडलेल्या पट्टीचाच वंशज होता.

अंतोनिओ मेउची हे नावही त्या मुलाच्या व्हिडिओत असणार. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंडवर राहणारा गरीब इटालियन. त्यानं १८७१ साली अशीच जागा धरणारी सूचना दिली, आणि १८७४ नंतर नूतनीकरण झालं नाही, पैशाअभावी. २००२ साली अमेरिकेच्या प्रतिनिधी सभागृहानं त्याच्या कामाचा गौरव करणारा ठराव केला. दहाच दिवसांनी कॅनडाच्या संसदेनं बेलच्या बाजूचा ठराव केला, कारण बेल काही काळ त्यांच्याकडं राहिलेला. आपल्याकडं चौकाला नाव द्यायचं तरी याहून वेगळं काय होतं.

आता पहिला प्रयोग. जुन्या रेडिओतले, टेपमधले दोन छोटे स्पीकर घ्या. दोन पदरी वायरनं एकमेकांना जोडा, दहा-पंधरा मीटर, मध्ये वर्गाची भिंत येऊ द्या. सेल नाही, प्लग नाही, काही नाही. एकानं एका स्पीकरला तोंड लावून मोठ्यानं बोलायचं, दुसऱ्यानं दुसरा कानाला घट्ट धरायचा. ऐकू येतं. बोलण्यानं स्पीकरचा पडदा हलतो, पडद्याला चिकटलेली गुंडाळी चुंबकापुढं हलते, तारेत वीज तयार होते, पलीकडं तिचा परत आवाज होतो. बेलचा सुरुवातीचा फोन तत्त्वानं हाच: बोलायचं आणि ऐकायचं यंत्र एकच, आणि वीज माणसाच्या फुप्फुसातली. मुलांना हे दाखवा आणि मग विचारा, आवाज कसा आला? "बारीक," असंच म्हणतील. त्या बारीक आवाजावरच बेलचा फोन अडला होता.

तो सोडवला कोळशानं. थॉमस एडिसननं १८७७ साली काजळीची टिकडी वापरली. कोळशावर दाब पडला की त्याचा अवरोध कमी होतो, दाब सुटला की वाढतो. आपल्याकडच्या मुलांना हे उसाच्या पाण्यावरून सांगा. बेलच्या फोनमध्ये आवाज म्हणजे मोट ओढणारा बैल, सगळी ताकद त्याचीच. एडिसनच्या फोनमध्ये पाट आधीच भरून वाहतोय, तो बॅटरीचा. आवाज फक्त दारं धरतो, कमी-जास्त पाणी सोडतो. एवढ्याशा ताकदीनं केवढं पाणी हलतं बघा. एमिल बर्लिनरही त्याच वर्षी त्याच वाटेवर होता, आणि १८७८ मध्ये हेन्री हनिंग्ज नावाच्या इंग्रज पाद्र्यानं टिकडीऐवजी कोळशाचे दाणे भरले. पुढची जवळजवळ शंभर वर्षं जगातले फोन त्या दाण्यांवर बोलले.

ते दाणे मी किती बघितलेत. काळ्या फोनच्या रिसीव्हरचं खालचं झाकण फिरवून काढलं की आत पत्र्याची गोल डबी, रुपयाच्या जुन्या नाण्याहून थोडी मोठी. कानाशी हलवली की आत बारीक वाळू सळसळावी तसा आवाज. पावसाळ्यात, विशेषतः गगनबावड्याकडं, दमट हवेनं आणि बोलणाऱ्यांच्या वाफेनं दाणे एकमेकांना धरून बसायचे. मग "तुमचा आवाज येत नाही" ही तक्रार. आम्ही पहिला इलाज काय करायचो? रिसीव्हर तळहातावर दोनदा आपटायचो. दाणे सुटे झाले की आवाज खणखणीत. लोकांना वाटायचं साहेब उगाच चिडलेत. पुढं लोकही शिकले, आणि गावोगाव रिसीव्हर टेबलावर आपटायची पद्धत पडली, त्यात कितीतरी रिसीव्हर फुटले.

याचा प्रयोग तुमच्या काडेपेटीतच होतो. पेटीच्या ट्रेमध्ये पेन्सिलच्या शिशाचे दोन तुकडे आडव्या भिंतींत भोकं पाडून समांतर बसवा. तिसरा तुकडा त्यांच्यावर आडवा नुसता ठेवा, चिकटवू नका. तिन्ही शिसं ब्लेडनं खरवडून घ्या. मग दोन सेल, जुन्या फोनच्या रिसीव्हरमधला ऐकायचा भाग आणि ही पेटी, सगळं एका रांगेत जोडा. पेटीजवळ बोलायचं, नाही तर मनगटी घड्याळ ठेवायचं. डेव्हिड ह्यूजेसनं १८७८ साली तीन खिळे असेच एकावर एक ठेवून हे दाखवलं होतं. कानात घालायचे इअरफोन मात्र वापरू नका, वरचं शीस हललं की कानात जोरात टक्क होतं. म्हणजे पोरांनी दोऱ्यासाठी घेतलेली पेटी वाया जात नाही, तीच पुढं माइक होते.

यंत्र झालं. पण दोन घरांत दोन यंत्रं असली म्हणजे टेलिफोन झाला का? एकवीस घरांना एकमेकांशी बोलायचं असेल आणि प्रत्येकाची प्रत्येकाकडं वेगळी लाइन टाकायची तर २१० लाइन लागतात. हजार घरांना ४,९९,५००. कोल्हापूरचं आकाशच दिसलं नसतं. २८ जानेवारी १८७८ ला अमेरिकेत न्यू हेवन गावी पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं, एकवीस ग्राहकांचं. सगळ्या तारा एका फळ्यावर आणायच्या आणि तिथं माणसानं जोडून द्यायचं. माझ्या लेखी बेलच्या बरोबरीनं मान या फळ्याला आहे. सुरुवातीला तिथं तारघरातली पोरं बसवली, ती ग्राहकांशी उर्मट बोलायची. १ सप्टेंबर १८७८ पासून बोस्टनमध्ये एमा नट यांना बसवलं आणि ते काम बायकांचं झालं. फोन उचलल्यावर काय म्हणायचं यावरही वाद होता. बेलला जहाजावरची 'अहॉय' ही हाक हवी होती, एडिसनची 'हॅलो' टिकली. आपल्याकडं मात्र कितीतरी वर्षं पहिला शब्द "कोन बोलतंय?" हाच होता, तोही अशा आवाजात की तार नसती तरी ऐकू गेलं असतं.

मी लागलो त्या गावचा फळा पन्नास लाइनचा होता. ग्राहकानं हँडल फिरवलं की फळ्यावर त्याच्या नंबरचं शटर टप्पकन पडायचं. बाई प्लग खोचून विचारायच्या, "नंबर?" नंबर फारसं कुणी सांगत नसे. "डॉक्टरांकडं द्या." "डॉक्टर आत्ताच कापशीला गेलेत, दुपारी लावा," हे उत्तरही फळ्यावरूनच मिळायचं. आज कुठल्याही यंत्राला हे जमत नाही. उलट बाजू अशी की गावातलं प्रत्येक लग्न आधी फळ्यावर ठरायचं.

माणूस मध्ये नको, असं ज्याला वाटलं तो धंद्यानं प्रेतांची व्यवस्था करणारा निघाला. कॅन्सस सिटीचा अल्मन स्ट्रोजर. कथा अशी सांगतात की, प्रतिस्पर्ध्याची बायको ऑपरेटर होती आणि 'घरी कुणीतरी गेलंय' असे फोन ती नवऱ्याच्या दुकानाकडं वळवायची. खरं-खोटं सोडा, १८९१ साली त्याला आपोआप जोडणी करणाऱ्या स्विचचं पेटंट मिळालं, आणि १८९२ च्या नोव्हेंबरात इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावी पहिलं असं एक्स्चेंज सुरू झालं. डायल नंतर आली, १८९६ मध्ये. त्याआधी ग्राहकानं आकड्याइतक्या वेळा बटण दाबायचं.

स्ट्रोजरवर मी घालवलेली वर्षं सगळ्यात आवडती. खोलीत लोखंडी रॅकच्या रांगा, आणि दिवसभर जोंधळ्याच्या लाह्या फुटाव्यात तशी खटखट. शेवटच्या दोन आकड्यांसाठी फायनल सिलेक्टर असायचा. तुम्ही ४ फिरवला की त्याचा दांडा चार पायऱ्या वर चढायचा, मग ७ फिरवला की त्याच मजल्यावर सात घरं गोल फिरायचा. दहा मजले, मजल्याला दहा घरं, शंभर फोन. नंबर डोळ्यांनी चालताना दिसायचा. सकाळी दहा-साडेदहाला उद्यमनगरातल्या फाउंड्र्यांचे आणि शाहूपुरीतल्या गुळाच्या अडतीचे फोन एकदम सुरू व्हायचे, तेव्हा घड्याळ न बघता आवाजावरून वेळ सांगता यायची.

डायल फिरवून सोडली की परत येताना ती लाइन तेवढ्या वेळा क्षणभर तोडते, सेकंदाला दहा या चालीनं. शून्याला दहा तुटी. बाकी त्यात काही जादू नाही. यावरून एक गंमत सांगतो. एका अडत दुकानाच्या मालकांचं बिल अफाट आलं. ते तावातावानं आले, "माझ्या डायलला कुलूप असतं, किल्ली माझ्या करगोट्याला, आणि मुंबईचे फोन लावले कुणी?" तेव्हा डायलच्या भोकात छोटं कुलूप घालायची पद्धतच होती. मी दुकानात गेलो. कुलूप तसंच ठेवून रिसीव्हर उचलला आणि तो ठेवायच्या जागेवरची खिट्टी बोटानं टकटकवली: दहा वेळा, थोडं थांबून दोन, थोडं थांबून दोन. ०२२. पुढचा नंबर तसाच वाजवला आणि मुंबईची घंटा त्यांच्या कानाला लावली. मालक माझ्याकडं बघेनात, कोपऱ्यात वह्या लिहिणाऱ्या भाच्याकडं बघायला लागले. स्ट्रोजरला डायलशी देणंघेणं नसतं, त्याला तुटी मोजता येतात. भाच्याला ते आमच्याआधी कळलं होतं. मी मालकांना एवढंच म्हणालो की, पोरगं हुशार आहे.

मुलं हमखास विचारतील ती एक गोष्ट: लाइट गेल्यावर फोन कसा चालायचा? फोनला वीज घरातली नसायचीच. एक्स्चेंजात खाली शिशाच्या मोठ्या बॅटऱ्यांची खोली, साधारण पन्नास व्होल्ट, आणि त्याच तारेतून तुमच्या माइकला वीज. बॅटरीचं धन टोक जमिनीला जोडलेलं. लाइन ऋण ठेवली की ओल्या जमिनीतलं तांबं कमी कुजतं, म्हणून. पंचगंगेला पूर येऊन शहर अंधारात बसलं तरी, जॉइंट कोरडा असला तर, फोनला टोन असायचा.

'जॉइंट कोरडा असला तर' हे मात्र फार मोठं 'तर' होतं. तारांबद्दल पुस्तकांत एक-दोन ओळी असतात, आमचा जन्म त्यात गेला. पहिल्यापहिल्यांदा फोनला एकच तार आणि परतीची वाट जमिनीतून. तारयंत्राला ते चालायचं, फोनमध्ये शेजारच्या तारेची कडकड, पुढं ट्राम आणि विजेच्या लाइनची घरघर, सगळं ऐकू यायचं. दोन तारा घेऊन त्यांना एकमेकींभोवती पीळ द्यायचा, म्हणजे बाहेरची घरघर दोघींवर सारखी चढते आणि कानाशी वजा होते, ही युक्ती बेलचीच, १८८१ च्या पेटंटातली. माझ्या मते हा त्याचा दुसरा मोठा शोध, ज्याची तक्त्यावर कधी नोंद होत नाही. आज कॉम्प्युटरच्या नेटवर्कची केबल कापून बघा, आत तोच पीळ. खांबावरच्या उघड्या तारांना पीळ देता येत नाही, म्हणून ठरावीक खांबांवर दोघींची जागा अदलाबदल करायचे. कुणी नवख्यानं वादळानंतर तारा सरळ जोडून टाकल्या की पलीकडचं बोलणं अलीकडं. एका गावचा बाजारभाव दुसऱ्या गावाला फुकट.

जमिनीखालच्या जुन्या केबलमध्ये प्रत्येक तारेला कागद गुंडाळलेला असायचा, वर शिशाचं आवरण. कोरडा कागद उत्तम, ओला कागद म्हणजे शेकडो फोन एकदम खाली. आवरणाला सुईएवढं भोक पुरे. कोल्हापूरचा पाऊस आणि ते भोक एकमेकांना शोधून काढायचे. मग जॉइंटर ताडपत्रीखाली खड्ड्यात उतरणार, स्टोव्हवर पॅराफिन मेण उकळणार, आणि ते पळीनं जॉइंटवर ओतणार. कागदात पाणी असलं की चरचर आवाज आणि बुडबुडे. बुडबुडे थांबेपर्यंत ओतत राहायचं. भजी तळल्यासारखा आवाज बंद झाला की कागद कोरडा. ते बघून शिकलेले जॉइंटर आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

लांब जायचं तर आवाज वाटेत विरतो. त्यावर १९०० च्या सुमारास मायकेल प्युपिन यांची लोडिंग कॉइल आली: ठरावीक अंतरावर, आमच्याकडं १.८३ किलोमीटरवर, लाइनमध्ये गुंडाळी घालायची. ली द फॉरेस्टच्या १९०६ च्या दिव्यातून, म्हणजे जुन्या रेडिओत असायच्या तशा व्हॉल्व्हमधून, पुढं आवाज वाढवणारं यंत्र झालं, आणि २५ जानेवारी १९१५ ला न्यूयॉर्कहून म्हाताऱ्या बेलनं सॅन फ्रान्सिस्कोतल्या वॉटसनला तेच वाक्य परत ऐकवलं, "इकडे या." वॉटसननं कळवलं, आता यायला आठवडा लागेल. गंमत पुढं आहे. लोडिंग कॉइल बोलण्याचे सूर नीट नेते आणि त्यावरचं सगळं अडवते. नव्वद वर्षांनी त्याच तांब्यावर ब्रॉडबँड द्यायची वेळ आली तेव्हा आम्ही खड्डे उघडून त्याच कॉइल शोधून काढून टाकत होतो.

आपल्या देशाचं थोडक्यात सांगतो. कोलकात्याचं एक्स्चेंज २८ जानेवारी १८८२ ला सुरू झालं, म्हणजे न्यू हेवनच्या बरोबर चार वर्षांनी. मुंबईचंही त्याच साली. पहिलं स्वयंचलित एक्स्चेंज सिमल्यात, १९१३-१४ मध्ये. नंबर फिरवून थेट परगावी बोलायची सोय १९६० साली कानपूर-लखनौ दरम्यान आली. आम्ही मात्र पुढं कितीतरी वर्षं ट्रंक कॉल बुक करून वाट बघणारे. ऑर्डिनरी, अर्जंट, लाइटनिंग. तीन मिनिटं झाली की बाई मध्ये येऊन विचारणार. मुंबईच्या लाइनवर इतकं ओरडावं लागायचं की ती सवय काही घरांत अजून गेलेली नाही.

खरा बदल आमच्या उंबऱ्याजवळच झाला. सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेनं खेड्यांसाठी १२८ लाइनचं एक्स्चेंज केलं, आणि १९८६ साली ते पहिल्यांदा लागलं कित्तूरला, बेळगावच्या पुढं. परदेशी यंत्राला थंड, धूळमुक्त खोली लागायची. हे कपाटाएवढं यंत्र एसीशिवाय ग्रामपंचायतीच्या खोलीत चालायचं. स्ट्रोजरची एक रांग जितकी जागा खायची तेवढ्यात अख्खं गाव बसलं. खटखट थांबली. पहिले काही दिवस मला त्या शांततेत काम सुचेना, सारखं वाटायचं एक्स्चेंज बंद पडलंय. मग पिवळ्या एसटीडी-पीसीओच्या पाट्या आल्या, रात्री स्वस्त दराच्या रांगा आल्या. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल कोलकात्याहून दिल्लीला झाला. ते तुमच्या मुलांना माहीत असेल.

मोबाइलबद्दल एकच सांगतो, कारण ते बेलपाशी परत येतं. बेलनं म्हटलं होतं वीज तोडू नका. १९३७ मध्ये अलेक रीव्हज यांनी उलटं सुचवलं: तोडाच, पण इतक्या वेळा की कानाला कळू नये. सेकंदाला ८,००० वेळा आवाजाची उंची मोजायची, प्रत्येक मोजमाप आठ बिटांत लिहायचं, ६४,००० बिट. पुढं फक्त आहे-नाही, आहे-नाही, म्हणजे राइसचा आणि मोर्सचाच खटका. आणि साध्या फोनवर ३०० ते ३,४०० हर्ट्झ एवढीच पट्टी जाते. 'स' आणि 'फ' मधला फरक बराचसा त्याच्या वर असतो. म्हणून सणस आडनावाच्या माणसाला फोनवर जन्मभर फणस ऐकून घ्यावं लागलं.

तक्त्यावर असं लिहा: 'आवाजाच्या चढउताराप्रमाणे वीज चढवण्या-उतरवण्याचं पेटंट : बेल, १८७६. त्याआधी राइस आणि मेउची, त्याच दिवशी ग्रे. मोठा आवाज : एडिसन. जोडणी : न्यू हेवन. ऑपरेटरशिवाय जोडणी : स्ट्रोजर.' जागा कमी पडली तर काडेपेटीचं चित्र गाळा, नावं गाळू नका. त्या व्हिडिओवाल्या मुलाला स्पीकरच्या तारेवर बसवा. आणि चाचणीला एक-दोन-तीन म्हणू देऊ नका, म्हैस आणि पन्हाळाच बरा.

रिसीव्हर मिळाला नाही तर माझ्याकडं दोन आहेत, काळे, जड. एक घेऊन जा. त्यातला एक तळहातावर दोनदा आपटावा लागतो, टेबलावर नको.